तात्यांची विजेची गाडी

मंडळी, विजेवर चालणारी मोटारगाडी तुम्ही पाहिली असेल. तालुक्याच्या रस्त्यावर कधी कधी एखादी गाडी आवाज न करता शेजारून निघून जाते. तिच्या नंबराची पाटी हिरवी असते. तीच विजेची गाडी. ती पेट्रोल पीत नाही, डिझेल पीत नाही, धूर सोडत नाही. रात्री घरी प्लग लावून ठेवावी आणि सकाळी घेऊन निघावे.

हे ऐकले की कोणालाही वाटते, आपणही एक घ्यावी. घ्यायला हरकत नाही. पण हा लाखांचा व्यवहार आहे. तो ऐकीव गोष्टींवर करू नये. आमच्या गावच्या तात्यांनी अशी गाडी घेतली. ती त्यांनी कशी निवडली, कुठे त्यांचे पाऊल चुकणार होते आणि ते कसे सावरले, हे आज सांगतो.

तात्या शेतकरी आहेत. वय पंचावन्न. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते कागदावर अंगठा उठवीत. आमच्या रात्रीच्या वर्गात ते लिहायला-वाचायला शिकले. ही गोष्ट मुद्दाम सांगितली. तिचा पुढे संबंध येणार आहे.

तात्यांची अडचण

आमचे गाव कराडपासून 31 किलोमीटर आत, डोंगराच्या अंगाला आहे. तात्यांच्या घरच्या काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना कराडला नेऊन यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. एक वेळ चुकवून चालत नाही. अंगात पाणी साठते, धाप लागते, जिवावर बेतते.

एस.टी.ची वेळ जुळत नाही. म्हणून तात्या भाड्याची जीप करीत. एका खेपेला 1,500 रुपये. आठवड्याला 3,000. वर्षाचे आठवडे 52. म्हणजे वर्षाला 1,56,000 रुपये नुसते जीपवाल्याला! शिवाय जीपवाला लग्नाच्या भाड्याला गेला, की त्या दिवशी दारोदार फिरायचे.

तात्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. एक दिवस तो धावत आला. म्हणाला, "गुरुजी, शहरात एक विजेची जुनी गाडी मिळतेय. मोठी आहे. एकदा चार्ज केली की साडेतीनशे किलोमीटर जाते म्हणे! एजंट म्हणतो, आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

मी म्हटले, "घाई करणाऱ्याचा फायदा कशात असतो, ते आधी बघ. तात्यांना घेऊन ये. आपण तिघे बसू."

युनिट म्हणजे काय?

संध्याकाळी तिघे ओट्यावर बसलो. मी विचारले, "तात्या, घरच्या लाइट बिलात युनिट लिहिलेलं असतं. युनिट म्हणजे काय?"

तात्या म्हणाले, "जितकी युनिटं, तितकं बिल. एवढं कळतं."

बरोबर आहे. धान्य पायलीने मोजतात, दूध लिटरने मोजतात, तशी वीज युनिटने मोजतात. शंभर वॉटचे दहा दिवे एक तास जाळले, की एक युनिट वीज लागते.

विजेच्या गाडीत पेट्रोलच्या टाकीऐवजी मोठी बॅटरी असते. ती बहुधा गाडीच्या तळाला, पायाखाली बसवलेली असते. तुमच्या मोबाइलमध्ये जशी लिथियमची बॅटरी असते, त्याच जातीची, पण फार मोठी. या बॅटरीचा शोध ज्या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून लागला, त्यांना 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बॅटरी म्हणजे विजेची कणगी. कणगीत किती पायली धान्य मावते, हे आपण विचारतो. तसे बॅटरीत किती युनिट वीज मावते, हे विचारायचे. गाडीच्या कागदावर 'किलोवॉट-अवर' असा शब्द असतो. त्याला घाबरू नका. एक किलोवॉट-अवर म्हणजेच आपल्या बिलातले एक युनिट. 24 किलोवॉट-अवरची बॅटरी म्हणजे 24 युनिटांची कणगी. झाले!

कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

आता गाडी किती लांब जाते ते पाहू. टाटा कंपनीची नेक्सॉन ही विजेची गाडी जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. तिची बॅटरी 30 युनिटांची होती. कंपनीने सांगितलेला पल्ला होता 312 किलोमीटर. त्याच कंपनीची टियागो ही लहान गाडी 2022 साली आली. तिच्या 24 युनिटांच्या बॅटरीला सांगितलेला पल्ला होता 315 किलोमीटर.

तात्यांनी लगेच विचारले, "म्हणजे कणगी लहान, तरी पल्ला तेवढाच? हे कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. बैल मोठा, तर वैरणही मोठी. जड गाडीला वीज जास्त लागते, हलकीला कमी. म्हणून नुसती बॅटरी मोठी आहे, एवढ्यावर भुलू नये.

दुसरी गोष्ट. हे आकडे खोटे नसतात, पण ते आपल्या रस्त्यावरचे नसतात. ही तपासणी ठरलेल्या पद्धतीने होते. गाडीची चाके यंत्राच्या रुळांवर फिरवतात. वेग ठरलेला, हवा ठरलेली. तिथे घाट नसतो, खड्डे नसतात, पाच माणसे आणि दोन पोती नसतात. मे महिन्याच्या उन्हात चालवलेला ए.सी. नसतो. शेतकऱ्याला हे नवे नाही. बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेला उतारा आणि आपल्या रानातला उतारा एक असतो का?

म्हणून मी तात्यांना एक साधा हिशोब दिला. लहान विजेची गाडी, बेताने चालवली, तर एका युनिटला साधारण 8 किलोमीटर जाते असे धरावे. मोठी, जड गाडी साडेसहा जाते असे धरावे.

लहान गाडी: 24 युनिट गुणिले 8, म्हणजे 192 किलोमीटर.

यातला पाचवा हिस्सा हातचा राखून ठेवावा. घरातले शेवटचे पीठ कोणी आल्यागेल्यावर खर्च करत नाही, तसा. मग उरले सुमारे 150 किलोमीटर. हा आपला भरवशाचा पल्ला. कागदावरच्या आकड्याच्या साधारण निम्मा!

मुलाचा चेहरा पडला. मी म्हटले, "अरे, निम्मा म्हणजे वाईट नव्हे. तुला किती पाहिजे, ते आधी ठरव."

आधी रस्ता मोजा

मी तात्यांना एक वही दिली. म्हटले, "महिनाभर रोज लिहा. कुठे गेलो, किती किलोमीटर झाले."

तात्यांनी खरोखर महिनाभर लिहिले. अक्षर मोठे मोठे, ओळी वाकड्या. पण आकडा एकही चुकला नाही. महिन्याच्या शेवटी वही अशी बोलली:

कराडचे हॉस्पिटल, जाऊन-येऊन 62 किलोमीटर. आठवड्यातून दोनदा.

बाजार, सोसायटी, पाहुणे मिळून आठवड्याला 46 किलोमीटर.

म्हणजे आठवड्याला एकूण 170 किलोमीटर. आणि एका दिवसाची मोठ्यात मोठी नेहमीची खेप 62 किलोमीटर.

महिन्यात एकदाच ते लांब गेले होते, साताऱ्याला. जाऊन-येऊन 166 किलोमीटर. तसे वर्षातून दोन-तीनदा जावे लागते.

आता पाहा. ज्याची रोजची खेप 62 किलोमीटर आहे, त्याला साडेतीनशे किलोमीटरची गाडी कशाला? 150 किलोमीटर भरवशाने जाणारी लहान गाडी त्याला भरपूर झाली. साताऱ्याच्या दिवशी वाटेत तासभर चार्ज करून घ्यावी, नाहीतर त्या एका दिवसापुरती दुसरी गाडी भाड्याने करावी. वर्षातून तीन दिवसांच्या प्रवासासाठी वर्षभराचा जादा हप्ता कशाला भरायचा?

पण याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. जो रोज कराडहून पुण्याला भाजी नेतो, त्याचा रस्ता एका बाजूला सुमारे 160 किलोमीटर आहे. त्याने तात्यांची गाडी पाहून तशीच घेतली, तर तो फसेल. ज्याचा रस्ता त्याची गाडी.

घाटात काय होते?

चढावर वीज भराभर संपते. पण विजेच्या गाडीत एक गंमत आहे. सायकलचा डायनॅमो आठवतो ना? चाक फिरले की दिवा लागायचा. उतारावर आपण पाय काढला, की गाडीची मोटर तसाच डायनॅमो होते. चाके मोटरला फिरवतात, वीज तयार होते आणि बॅटरीत परत जाते. चढताना गेलेली सगळी वीज परत येत नाही, काही भागच येतो. पण ब्रेक कमी झिजतात, हा आणखी फायदा. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असली, तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते. डोंगरावर राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. उतारावर ब्रेक वापरायची तयारी ठेवावी.

वेगाचेही असेच. ताशी 60 ने गेलात तर वीज पुरते. ताशी 90 ने गेलात तर हवा कापण्यातच पुष्कळ वीज जाते. पेट्रोलची गाडी असो की विजेची, घाईला किंमत पडतेच.

जुन्या गाडीचा कागद

आता त्या एजंटच्या गाडीकडे वळू. तात्या, मुलगा आणि मी असे तिघे ती पाहायला गेलो. गाडी चकचकीत होती. एजंट म्हणाला, "बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे. गाडीला पाचच वर्षं झालीत. अजून तीन वर्षं काळजी नाही."

वॉरंटी म्हणजे कंपनीची लेखी हमी. ठरलेल्या मुदतीत वस्तू बिघडली, तर कंपनी दुरुस्त करून किंवा बदलून देते. पुष्कळ कंपन्या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षांची हमी देतात.

मुलगा खूश झाला. पण तात्या म्हणाले, "कागद दाखवा."

कागद इंग्रजी होता. मुलगा वाचू लागला आणि मराठीत सांगू लागला. तात्या आकड्यांवर बोट ठेवून बसले होते. ते म्हणाले, "आठच्या पुढं हा कसला मोठा आकडा आहे? एक लाख साठ हजार?"

मुलाने वाचले: "आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते."

तात्या उठले. गाडीत जाऊन बसले. समोरच्या पडद्यावर गाडी आजवर किती चालली तो आकडा होता. तात्यांनी तो सावकाश वाचला. एक लाख अठ्ठेचाळीस हजार.

म्हणजे हमीचे फक्त 12,000 किलोमीटर उरले होते. तात्यांच्या आठवड्याच्या 170 किलोमीटरने ते दीड वर्षाच्या आत संपले असते. तीन वर्षांची गोष्ट तोंडी होती. कागदावर ती नव्हती.

बॅटरी म्हणजे विजेच्या गाडीचा सर्वांत महाग भाग. ती जुनी होते तशी तिच्यात वीज कमी मावते. कणगीच लहान होत जाते म्हणा ना. हमी संपल्यावर ती गेली, तर खर्च लाखांत जातो. आम्ही एजंटला विचारले, "आज या बॅटरीत नवीनपणीच्या किती हिस्सा वीज मावते, याचा कंपनीच्या वर्कशॉपमधला तपासणीचा कागद आहे का?" तो नव्हता. हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, याचाही कागद नव्हता.

तात्यांनी हात जोडले. "राम राम," म्हणाले आणि बाहेर आले. रस्त्यात मला म्हणाले, "गुरुजी, दोन वर्षांपूर्वी मी तिथं अंगठा दिला असता."

जुनी गाडी घेऊच नये असे नाही. पण वर्षे, किलोमीटर, बॅटरीची तपासणी आणि हमीचे हस्तांतर, या चारही गोष्टी कागदावर पाहूनच घ्यावी.

घरची वायर

शेवटी तात्यांनी 24 युनिटांची नवी लहान गाडी घ्यायचे ठरवले. तरी मी म्हटले, "थांबा. बैल आणण्याआधी गोठा बघतात. आधी वायरमनला बोलवा."

लहान गाडी घरी चार्ज करायला मोठ्या तीन पिनांचा, 15 अँपिअरचा प्लग लागतो. तिला तासाला सुमारे 3 युनिट वीज लागते. रिकामी बॅटरी भरायला आठ ते नऊ तास लागतात. रात्री जेवणखाण झाल्यावर लावली, की पहाटे तयार. पण इतके तास सलग इतकी वीज ओढायची, तर वायर मजबूत पाहिजे. जुनी बारीक वायर तापते, वितळते, घराला आग लागते.

वायरमनने सांगितलेल्या आणि तात्यांनी केलेल्या गोष्टी या:

मीटरपासून गाडीच्या प्लगपर्यंत वेगळी, जाड, तांब्याची वायर टाकली. त्या वायरीवर दुसरे काही जोडले नाही.

वीज गळू लागली की क्षणात ती तोडणारा स्विच बसवला. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. तो जीव वाचवतो. पैसे वाचवण्यासाठी तो टाळू नका.

नवे अर्थिंग केले. तात्यांच्या घरचे अर्थिंग नावापुरते होते. अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवतो आणि वीज घेतच नाही. पुष्कळ लोक मग गाडीला दोष देतात. दोष गाडीचा नसतो, जमिनीत नीट न पुरलेल्या तारेचा असतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

महावितरणकडे अर्ज करून घराचा मंजूर भार वाढवून घेतला.

तात्यांचा पुतण्या म्हणाला, "एवढं कशाला? विहिरीवर पंपाचं कनेक्शन आहेच. तिथंच लावू गाडी." असे करू नये. शेतीपंपाची वीज शेतीसाठी कमी दराने दिलेली असते. तिच्यावर गाडी चार्ज करणे नियमाविरुद्ध आहे. दंड होतो.

आणखी एक. लांब बोर्ड ओढून, खिडकीतून वायर काढून गाडी कधी चार्ज करू नका. आणि संध्याकाळी गावात विजेचा दाब कमी असतो, तेव्हा गाडी हळू भरते, कधी थांबतेही. तात्या रात्री अकरानंतर लावतात.

रस्त्यावरचे चार्जिंग

मोठ्या रस्त्यांवर आता जलद चार्ज करणारी यंत्रे आहेत. पेट्रोलपंपांवर, हॉटेलांपाशी ती दिसतात. लहान गाडी तिथे सुमारे तासाभरात बरीचशी भरते. पण घरच्यापेक्षा तिथे युनिटला जास्त पैसे पडतात. पैसे मोबाइलवरून भरावे लागतात. काही गाड्यांना हे जलद चार्जिंग चालतच नाही. म्हणून घेताना स्पष्ट विचारावे.

या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. लपवत नाही. पुतण्याच्या विजेच्या गाडीतून आम्ही एका लग्नाला निघालो होतो. मोबाइलवर दाखवले होते, की वाटेतल्या एका हॉटेलपाशी चार्जर आहे. रात्री अकराला पोचलो. चार्जर होता, पण बंद होता. पुढचा चार्जर गाठण्याइतकी वीज उरली नव्हती. एका धाबेवाल्याने दया करून साध्या प्लगवर गाडी लावू दिली. पाच तास आम्ही खाटेवर बसून काढले. लग्नाला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

तेव्हापासून माझा नियम आहे. लांब जायचे तर वाटेतले दोन चार्जर हेरून ठेवावेत. एक बंद निघाला, तर दुसऱ्यापर्यंत पोचण्याइतकी वीज शिल्लक असावी. आणि निघण्याआधी तिथे फोन करावा.

पैशांचा हिशोब

आता पैशांकडे या. पेट्रोल 100 रुपये लिटर धरू. लहान पेट्रोल गाडी लिटरला 18 किलोमीटर जाते असे धरू. म्हणजे किलोमीटरला साडेपाच रुपये.

विजेची गाडी. बॅटरीत 24 युनिट भरायला मीटरवर 27 युनिट पडतात. काही वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. युनिटला 10 रुपये धरले, तर 270 रुपयांत 192 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला एक रुपया चाळीस पैसे. तुमच्या बिलातला दर पाहून हा हिशोब तुम्ही पुन्हा करा.

किलोमीटरमागे सुमारे चार रुपये वाचले. तात्यांची गाडी वर्षाला 8,840 किलोमीटर चालते. म्हणजे वर्षाला सुमारे 36,000 रुपये वाचले.

पण विजेची गाडी घेताना महाग पडते. समजा तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ती अडीच लाखांनी महाग आहे. मग तो फरक भरून निघायला सात वर्षे लागतील. जो वर्षाला तीन हजार किलोमीटरच फिरतो, त्याचा फरक कदाचित कधीच भरून निघणार नाही. हे विकणारा सांगत नाही. म्हणून मी सांगतो. गाडी जितकी जास्त फिरते, तितकी वीज परवडते.

सरकारी सवलती असतात, पण त्या बदलत राहतात. आज कोणती लागू आहे, ते कागदावर लिहून घ्या. आणि पाटीचा नियम ध्यानात ठेवा. खाजगी विजेच्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरे पांढरी. भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी. पांढऱ्या अक्षरांच्या गाडीत पैसे घेऊन उतारू नेता येत नाहीत.

गाडी सांभाळताना

विजेच्या गाडीला इंजिन नाही. इंजिनचे तेल नाही, क्लच नाही. म्हणून देखभाल कमी. पण अजिबात नाही असे नव्हे. टायर, ब्रेक आणि बॅटरी थंड ठेवणारी व्यवस्था वेळेवर तपासावी.

मोठ्या बॅटरीशिवाय गाडीत 12 व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. ती उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. घरातले धान्य आहे, पण किल्ली हरवली, तसा प्रकार.

गाडी बंद पडली तर दोर बांधून ट्रॅक्टरने ओढू नका. चाके फिरली की मोटर फिरते, वीज तयार होते आणि बिघाड वाढतो. गाडी उचलून दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

गाडी सावलीत उभी करावी. बॅटरीला फार ऊन मानवत नाही. ती वरचेवर अगदी रिकामीही होऊ देऊ नये.

पावसात गाडी चालते. पावसाने झटका बसत नाही. पण ओढ्याच्या पाण्यात गाडी घालू नये. 2019 आणि 2021 साली आपल्या भागाने पूर पाहिला आहे. पाण्यात बुडालेली किंवा अपघातात तळाला मार बसलेली गाडी चार्जिंगला लावू नये. आधी कंपनीच्या माणसाला दाखवावी. बॅटरीतून धूर दिसला, तर सामान सोडा, माणसे बाहेर काढा, लांब जा आणि अग्निशामक दलाला बोलवा.

वादळाची रात्र

गाडी आली, त्याला वर्ष झाले. तात्यांनी घराच्या भिंतीवर खडूने एक ओळ लिहिली आहे: "निम्म्याच्या खाली नाही." म्हणजे बॅटरी निम्म्यावर आली की त्या रात्री भरायचीच. मुलगा हसायचा. म्हणायचा, "तात्या, अजून 90 किलोमीटर जाईल की!"

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मोठे वादळ झाले. विजेचे खांब पडले. गावात दोन दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी काकूंचा डायलिसिसचा वार होता. जीपवाला आलाच नाही, त्याच्या गल्लीत झाड पडले होते. तात्यांनी गाडीचा पडदा पाहिला. आकडा होता 70. शंभरातले सत्तर. त्यांनी बोटांवर हिशोब केला. 192 चे सत्तर टक्के म्हणजे 134. जाऊन-येऊन 62. ए.सी. बंद ठेवला, बेताने चालवली. काकू वेळेवर पोचल्या. संध्याकाळी घरी आल्या.

गाडीने त्या दिवशी काही चमत्कार केला नाही. चमत्कार असलाच, तर त्या भिंतीवरच्या ओळीचा आणि ती लिहिणाऱ्या हाताचा.

तुमच्या वहीत लिहा

तुम्हालाही विजेची गाडी घ्यावीशी वाटत असेल, तर दुकानात जाण्याआधी या पाच गोष्टी वहीत लिहून काढा:

1. माझी एका दिवसाची मोठ्यात मोठी नेहमीची खेप किती किलोमीटर?

2. मी वर्षाला एकूण किती किलोमीटर फिरतो?

3. माझ्या लाइट बिलात एका युनिटला किती रुपये पडतात?

4. माझ्या घरची वायर आणि अर्थिंग वायरमनने तपासले का? कोणत्या तारखेला?

5. बॅटरीच्या हमीत वर्षे किती आणि किलोमीटर किती? त्यातले आधी काय संपेल?

पाचही उत्तरे लिहून झाली, की मग दुकानात जा. विकणारा बोलेल, तुम्ही ऐका. मग वही उघडा आणि तुमचे आकडे त्याच्या आकड्यांशेजारी ठेवा.